दशकाचा संघ निवडायचा कसा?

दिवा जंक्शनच्या फलाटावर रविवारी संध्याकाळी थोडा वेळ उभे राहिलात, तर खांद्यावर बॅटीच्या पिशव्या अडकवलेली मुले तुम्हांला हमखास दिसतील. कोणी ठाण्याच्या बाजूला सामना खेळून आलेला असतो, कोणी कल्याणच्या. गाडी यायला वेळ असला की वाद सुरू होतो. "आपल्या शाळेच्या गेल्या दहा वर्षांतला सर्वांत चांगला संघ कोणता?" एक जण पाच नावे सांगतो, दुसरा त्यांतली तीन खोडतो. गाडी येते, गर्दीत सगळे आत ढकलले जातात आणि वाद पुढच्या रविवारपर्यंत तसाच राहतो.

विद्यार्थिमित्रांनो, हा वाद नुसत्या आवडीनिवडीचा आहे असे तुम्हांला वाटेल. थोडा आहेही. पण त्यात मोजमाप, तुलना, शक्यता आणि पुरावा या चार गोष्टी दडलेल्या आहेत, आणि त्यांचा संबंध थेट विज्ञानाशी आहे. शिवाय हा प्रश्न वाटतो तितका खेळीमेळीचाही नाही. एका नावाला जागा दिली की दुसऱ्या नावाची जागा जाते. तेव्हा निवड न्याय्य कशी करायची, ते आज पाहू. उदाहरणाला आपल्याच मुंबईचा क्रिकेट संघ घेऊ.

आधी नियम, मग नावे

रणजी करंडक स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली आणि पहिलाच करंडक मुंबईने जिंकला. २०२३-२४ च्या हंगामापर्यंत मुंबईने तो ४२ वेळा जिंकला होता. त्यातही १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षे करंडक मुंबईकडेच होता. ही साखळी कर्नाटकाने १९७३-७४ च्या उपांत्य सामन्यात तोडली. या पंधरा वर्षांच्या मधले एक दशक आपण निवडू, १९६०-६१ ते १९६९-७० असे दहा हंगाम.

येथेच पहिली अडचण उभी राहते. रमाकांत देसाई हे लहान चणीचे वेगवान गोलंदाज. आपल्या पहिल्याच रणजी हंगामात, १९५८-५९ मध्ये, त्यांनी ५० बळी घेतले. पण ही कामगिरी आपल्या दशकाच्या दोन वर्षे आधीची. सुनील गावसकर मुंबईच्या संघात आले ते दशक संपता संपता. १९७१ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये त्यांनी चार कसोटींत ७७४ धावा केल्या, त्या दशकाच्या बाहेर आणि भारताकडून. मग देसाईंचे ते ५० बळी धरायचे का? गावसकरांना घ्यायचे का?

उत्तर काहीही द्या, पण ते नाव पाहून देऊ नका. प्रयोगशाळेत आपण आधी ठरवतो की कोणते मोजमाप घ्यायचे, आणि मग उपकरणाला हात लावतो. येथेही तसेच करायचे. दशक कुठून कुठपर्यंत? किमान किती सामने खेळलेला खेळाडू विचारात घ्यायचा? फक्त मुंबईकडून केलेली कामगिरी धरायची की भारताकडून केलेलीही? हे नियम आधी कागदावर लिहून काढा. नावे समोर आल्यावर नियम केला, तर आवडत्या खेळाडूला आत घेण्यासाठीच तो केला जाण्याचा धोका असतो, आणि तसे करणाऱ्याला स्वतःलाही ते कळत नाही.

आपला नियम असा ठेवू: कामगिरी मुंबईसाठीची आणि दशकातलीच असावी, आणि खेळाडू दशकातल्या तीन हंगामांत तरी खेळलेला असावा. या नियमाने गावसकर बाहेर राहतात. वाईट वाटले ना? पण त्यांचे दशक पुढचे आहे. तेथे त्यांचे नाव पहिले लिहा.

सरासरीची करामत

फलंदाजाची सरासरी काढताना एकूण धावांना डावांनी भागत नाहीत, किती वेळा बाद झाला त्या संख्येने भागतात. मुंबईचे विजय मर्चंट यांनी प्रथम श्रेणीच्या सामन्यांत २३४ डावांत १३,४७० धावा केल्या. त्यांतल्या ४६ डावांत ते नाबाद राहिले. म्हणजे बाद झाले १८८ वेळा. १३,४७० ला १८८ ने भागा. उत्तर येते सुमारे ७१.६.

आता एक गंमत पाहा. समजा, तुमच्या शाळेत दोन फलंदाज आहेत. पहिल्याचे पाच डाव असे: २८, ३१, ३०, २९, ३२. दुसऱ्याचे असे: ०, ४, २, १४०, ४. दोघेही पाचही वेळा बाद झाले. दोघांची बेरीज १५० आणि सरासरी ३०. सरासरीच्या दृष्टीने दोघे सारखे. पण तुम्ही कर्णधार असता, तर दोघांना सारखे मानले असते का?

येथे मध्यक उपयोगी पडतो. धावा चढत्या क्रमाने मांडा आणि मधली संख्या घ्या. पहिल्याचा मध्यक ३०, दुसऱ्याचा ४. पहिला रोज भरवशाचा. दुसरा पाचांतून एकदा सामना एकहाती जिंकून देणारा. दोघांचाही संघाला उपयोग आहे, पण तो वेगवेगळा. हा फरक सरासरीने लपवला होता, मध्यकाने तो उघड केला.

कल्याणचा एक डाव

नाबादची गोष्ट निघालीच आहे, तर दिव्यापासून जवळच घडलेले उदाहरण घेऊ. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या मैदानावर भंडारी चषकाच्या शालेय सामन्यात प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या मुलाने नाबाद १००९ धावा केल्या. चेंडू ३२७, चौकार १२९ आणि षटकार ५९. नोंद झालेल्या कोणत्याही दर्जाच्या क्रिकेटमध्ये यापूर्वी एका डावातली सर्वाधिक धावसंख्या होती नाबाद ६२८. ती इंग्लंडमधील क्लिफ्टन येथे ए. ई. जे. कॉलिन्स या शाळकरी मुलाने १८९९ मध्ये केली होती.

आता या एका डावाची सरासरी काढून दाखवा. धावा १००९, बाद शून्य वेळा. शून्याने भागता येत नाही! जगातला सर्वांत मोठा डाव, आणि सरासरी सांगताच येत नाही. मोजमापाचे प्रत्येक साधन कोठेतरी निकामी होते. ते कोठे निकामी होते हे ठाऊक असणे, हे ते साधन वापरता येण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

त्याच सामन्याचा फलक पुढे वाचू. प्रणवच्या संघाने ३ बाद १४६५ धावांवर डाव घोषित केला. म्हणजे बाकीचे फलंदाज आणि अवांतर मिळून ४५६ धावा झाल्या, आणि बळी गेले तीन. दर बळीमागे १५२ धावा! प्रतिस्पर्ध्यांचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत संपले. या आकड्यांवरून कळते, की त्या दिवशी त्या मैदानावर धावा करणे एका संघाला फार सोपे झाले होते. यामुळे प्रणवच्या खेळीचे मोल जात नाही. ३२७ चेंडू बाद न होता खेळून काढायला लागणारी एकाग्रता कोणालाही उसनी मिळत नाही. पण १००९ हा आकडा एकटा वाचू नये. त्याच्या भोवतालचे आकडेही वाचावेत, एवढे त्यातून शिकायचे.

थोडे सामने, मोठी फसगत

एक नाणे दहा वेळा उडवा. सात किंवा अधिक वेळा छापा पडण्याची शक्यता किती? हिशेब केला तर १०२४ पैकी १७६, म्हणजे सुमारे १७ टक्के. वर्गातल्या पन्नास जणांनी हा प्रयोग केला, तर आठ-नऊ जणांना सात किंवा जास्त छापे सहज मिळतील. त्यांच्या नाण्यात काही खास नसते. आता तेच नाणे शंभर वेळा उडवा. सत्तर किंवा अधिक छापे पडण्याची शक्यता आहे सुमारे पंचवीस हजारांत एक!

नाणे तेच, प्रमाणही तेच, दहांत सात. पण मोजणी वाढली की योगायोगाला जागा उरत नाही. म्हणून चार सामन्यांत ६० ची सरासरी काढणाऱ्यापेक्षा चाळीस सामन्यांत ४५ ची सरासरी राखणाऱ्याविषयी आपण अधिक खात्रीने बोलू शकतो. किमान हंगामांची अट घालण्याचे कारण हेच.

सोपी खेळपट्टी, अवघड खेळपट्टी

दोन फलंदाज घेऊ, अ आणि ब. दोघेही दहा वेळा बाद झाले. अ सोप्या खेळपट्टीवर दोनदा बाद होऊन १०० धावा करतो, सरासरी ५०. ब तेथे आठ वेळा बाद होऊन ३८४ धावा करतो, सरासरी ४८. अवघड खेळपट्टीवर अ आठ वेळा बाद होऊन १६० धावा करतो, सरासरी २०. ब दोनदा बाद होऊन ३६, सरासरी १८.

सोप्या खेळपट्टीवर अ सरस आणि अवघड खेळपट्टीवरही अ सरस. आता एकत्र सरासरी काढा. अ च्या २६० धावा, बाद १०; सरासरी २६. ब च्या ४२० धावा, बाद १०, सरासरी ४२! दोन्हीकडे मागे असलेला ब एकदम पुढे कसा गेला? कारण ब च्या वाट्याला बहुतेक सोप्या खेळपट्ट्या आल्या आणि अ च्या वाट्याला अवघड. संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड सिम्प्सन यांनी १९५१ मध्ये या प्रकारची चर्चा केली, म्हणून याला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात. औषधांची तुलना करतानाही हाच घोटाळा होऊ शकतो: एक औषध गंभीर रोग्यांनाच दिले गेले, तर ते चांगले असूनही एकूण आकड्यांत वाईट दिसते.

यावर एक साधा उपाय आहे. फलंदाजाची सरासरी घ्या आणि त्याच सामन्यांत खेळलेल्या सर्व फलंदाजांच्या सरासरीने तिला भागा. दहा वर्षांपूर्वीच्या एका मुलाची सरासरी ३० आणि त्या सामन्यांतली सर्वांची सरासरी १५ असेल, तर गुणोत्तर २. आजच्या मुलाची सरासरी ४० आणि सर्वांची ३२ असेल, तर गुणोत्तर १.२५. पहिला मुलगा आपल्या काळाच्या अधिक पुढे होता.

फलकावर न दिसणारे

बापू नाडकर्णी यांचे एक पृथक्करण ऐका. जानेवारी १९६४, मद्रासची कसोटी, समोर इंग्लंड. षटके ३२, निर्धाव २७, धावा ५, बळी ०. त्यांत सलग २१ षटके निर्धाव! बळी मोजायचे ठरवले, तर या कामगिरीला शून्य गुण मिळतात. धावा रोखणे मोजायचे ठरवले, तर तिला तोड नाही. म्हणजे आपण काय मोजतो, यावर कोण मोठा ठरेल हे अवलंबून असते.

एकनाथ सोलकर यांनी २७ कसोटींत ५३ झेल घेतले, त्यांतले कितीतरी फलंदाजाच्या अगदी पुढ्यात उभे राहून. झेल निदान फलकावर लागतो. पण अडवलेली धाव, तिच्यामुळे बदललेला फलंदाजाचा विचार, कर्णधाराने योग्य वेळी केलेला गोलंदाजीतला बदल, यांना वहीत रकानाच नसतो. जे मोजलेले नाही ते अस्तित्वातच नाही असे समजणे, ही निवड करणाऱ्यांची नेहमीची चूक.

याच्या उलटही फसगत होते. दिलीप सरदेसाई रणजी सामन्यांत मुंबईकडून खेळत असताना मुंबई कधीही हरली नाही. ते खेळले म्हणून मुंबई जिंकली, की इतक्या बलाढ्य संघात ते होते म्हणून त्यांना पराभव पाहावा लागला नाही? दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. सरदेसाई थोर फलंदाज होतेच, पण त्याचा पुरावा त्यांच्या धावांत शोधावा.

साडेपाच कोटी संघ

समजा, नियमात बसणारे तीस खेळाडू मिळाले. त्यांतून अकरा किती प्रकारे निवडता येतील? ५,४६,२७,३०० प्रकारे! एकेक संघ एका सेकंदात पाहिला, तरी झोप न घेता ६३२ दिवस लागतील.

पण अकरा उत्तम फलंदाजांचा संघ होत नाही. पाच फलंदाज, एक यष्टिरक्षक, दोन अष्टपैलू आणि तीन गोलंदाज असा साचा ठरवू. तिसांत बारा फलंदाज, चार यष्टिरक्षक, चार अष्टपैलू आणि दहा गोलंदाज असतील, तर प्रकार उरतात ७९२ × ४ × ६ × १२०, म्हणजे २२,८०,९६०. एका साच्याने साडेपाच कोटींचे तेवीस लाखांच्या आत आले. बंधने घातली की प्रश्न सुटायला सोपा होतो, ही युक्ती अभियंते आणि संगणकशास्त्रज्ञ रोज वापरतात.

या साच्याची किंमत मात्र कोणाला तरी मोजावी लागते. मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर यांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले, दर बळीमागे २० धावाही न देता. १९७२-७३ च्या अंतिम सामन्यात तामिळनाडूविरुद्ध त्यांनी १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ बळी घेतले. हरियाणाच्या राजिंदर गोयल यांचे रणजीतले बळी तर ६३७. तेही डावखुरे फिरकी गोलंदाज. या दोघांनाही एकही कसोटी खेळायला मिळाली नाही, कारण भारतीय संघात ती एक जागा बिशनसिंग बेदी यांनी धरून ठेवली होती. पुढे अमोल मुजुमदार यांचेही तसेच झाले. मुंबईकडून पदार्पणातच २६०, प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा, पण कसोटी एकही नाही. २०२५ मध्ये भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघाचे प्रशिक्षक तेच होते. संघाबाहेर राहणे म्हणजे कमी असणे नव्हे. जागा अकराच असतात.

वहीत ज्यांचे नावच नाही

आता सर्वांत अवघड प्रश्न. ज्यांना खेळायलाच मिळाले नाही, त्यांचे काय? १९८५ मध्ये कॅनडात आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या गेल्या. वरच्या दर्जाच्या संघांत जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेले खेळाडू फार, आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेले थोडे आढळले. जन्ममहिन्यावरून खेळ येतो का? मुळीच नाही. तेथे वयोगट १ जानेवारीपासून मोजत. जानेवारीत जन्मलेला मुलगा त्याच गटातल्या डिसेंबरच्या मुलापेक्षा अकरा महिन्यांनी मोठा, म्हणून थोडा उंच आणि थोडा बळकट. निवड त्याची होते. मग सराव, प्रशिक्षक आणि सामने त्यालाच मिळतात, आणि काही वर्षांनी तो खरोखरच सरस होतो. सुरुवातीला अकरा महिन्यांचा असलेला फरक पुढे आयुष्यभराचा होतो.

तुमच्या शाळेतही पाहा. वयोगटात सर्वांत लहान असलेला मुलगा, सराव संपेपर्यंत थांबला तर उशिराच्या गाडीने घरी जावे लागते म्हणून लवकर निघणारी मुलगी, बूट नाहीत म्हणून कडेला बसणारा कोणी. धावांच्या वहीत यांचे नाव नसेल. वही खोटे सांगत नाही, पण ती सगळे सांगत नाही.

आमची यादी आणि एक रिकामी जागा

इतके सारे सांगून आमची नावे न सांगणे बरे नव्हे. दशकाच्या मुंबई संघासाठी आमचे फलंदाज: दिलीप सरदेसाई, सुधाकर अधिकारी, अजित वाडेकर, अशोक मंकड आणि मनोहर हर्डीकर. वाडेकरांनी १९६६-६७ मध्ये म्हैसूरविरुद्ध ३२३ धावा केल्या होत्या. अष्टपैलू: पॉली उम्रीगर आणि बापू नाडकर्णी. यष्टिरक्षक नरेन ताम्हाणे की फरोख इंजिनियर? यष्टीमागची सफाई आधी धरली तर ताम्हाणे, फलंदाजीही धरली तर इंजिनियर. धावा करायला वरचे सात जण आहेत, म्हणून आम्ही ताम्हाणे घेतले. गोलंदाजीत रमाकांत देसाई, मात्र १९५८-५९ चे ते ५० बळी न धरता, आणि लेगस्पिनसाठी बाळू गुप्ते. सोलकर बारावे, चेंडू हवेत उडाला की सर्वांत आधी त्यांची आठवण येईल.

हे दहा आणि बारावा झाले. अकरावी जागा आम्ही मुद्दाम मोकळी ठेवली आहे. शिवलकर की शरद दिवाडकर? डावखुरी फिरकी की ऑफस्पिन? नाडकर्णी डावखुरेच आहेत, हे ध्यानात घ्या. त्या दशकातले दोघांचे सामने, बळी आणि दर बळीमागच्या धावा शोधा, आणि निवड कारणासह लिहा.

करून पाहा

मग आपल्या शाळेकडे वळा. क्रिकेटऐवजी कबड्डी किंवा खो-खो असेल तरी चालेल. खेळाच्या शिक्षकांकडे जुन्या वह्या मागा. नियम आधी लिहा आणि ते शिक्षकांकडे ठेवायला द्या. नावांच्या जागी क्रमांक घाला, म्हणजे ओळख आडवी येणार नाही. सरासरी आणि मध्यक दोन्ही काढा. त्या त्या वर्षाच्या सर्व खेळाडूंच्या सरासरीने भागा. चार गटांनी स्वतंत्रपणे संघ निवडावा. किती नावे चारही याद्यांत आली ते मोजा. त्या नावांविषयी तुम्ही खात्रीने बोलू शकाल. उरलेल्या नावांवर वाद घाला, पण कारणे देऊन.

जुन्या वह्या सापडल्या नाहीत, तर नवी वही आजच सुरू करा. तीत धावा आणि बळी यांबरोबर अडवलेल्या धावा, सुटलेले झेल, आणि त्या दिवशी कोण कोण सरावाला येऊ शकले नाही व का, हेही लिहा. दहा वर्षांनी कोणीतरी तुमच्या दशकाचा संघ निवडायला बसेल. त्याच्या हाती पुरावा असेल की नाही, हे आज वही धरणारावर अवलंबून आहे.